पदराआडचा उजेड

दसरा होऊन पाऊस पुरता परतला, की आजी शिसवी पेटीतली पैठणी बाहेर काढायची. उन्हात नाही. रेशमाला ऊन दाखवायचं नाही, हा तिचा नियम. माजघराच्या दारापासून ओसरीच्या खांबापर्यंत एक सुती दोरी बांधलेली असे, तिच्यावर ती साडी दुपदरी टाकायची, कडा सारख्या करायची आणि मग दिवसभर कुणी तिला हात लावायचा नाही. वेखंडाचा आणि जुन्या लाकडाचा वास हळूहळू घरभर व्हायचा, शेजारच्या आळीतून मागाची खट्‌खट्‌ यायची, आणि ओसरीवरून आत उतरणारा आश्विनातला तिरपा उजेड त्या साडीच्या मागे येऊन थांबायचा. मी तेव्हा सहा-सात वर्षांची असेन. आजीची पाठ वळली, की मी साडीच्या दोन थरांमध्ये शिरून उभी राहायची.

बस्. एवढंच.

त्या आठवणीत घडत काहीच नाही. मी उभी आहे, दोन्ही बाजूंना रेशीम आहे आणि मधे उजेड आहे. पदराकडचा भाग जरीचा, तो उजेडाला अडवून धरायचा. पण जरा पलीकडे, जिथे साडीचं अंग सुरू व्हायचं, तिथे तो आत पाझरायचा. साडी धूपछाव होती, ताणा हिरवा आणि बाणा जांभळा. बाहेरून पाहिली तर चालता चालता रंग बदलायची. आतून मात्र ते दोन्ही रंग एकमेकांत मिसळून पिकल्या जांभळाच्या गरासारखे दिसायचे, आणि तो रंग माझ्या हातांवर, फ्रॉकवर, पायांच्या बोटांवर सांडलेला असायचा. डोळे दिपत नसत, आणि अंधारही वाटत नसे. पुढे आयुष्यात पुष्कळ उजेड पाहिले, समुद्रावरचे, हिमालयातले, रुग्णालयाच्या व्हरांड्यातले. पण उजेड कसा असावा असं कुणी विचारलं तर माझं मन अजून त्या दोरीपाशी जातं.

माझं आजोळ येवल्याचं. तिथे रेशीम हा शब्द मुलांच्या कानावर भाकरीसारखा पडतो. कुणाच्या घरी माग, कुणाच्या घरी रंगाचं पातेलं, कुणाची आई दारात बसून कांड्या भरते आहे. खड्ड्याच्या मागावर पाय खाली सोडून बसलेले विणकरकाका मोराच्या गळ्याचे चार-दोन धागे भरायला केवढा वेळ घ्यायचे! रंगीत रेशमाच्या छोट्या छोट्या कांड्या त्यांच्या पुढ्यात लोंबत असायच्या, आणि एकेक कांडी उचलून, धाग्यात धागा अडकवून ते मोर उभा करायचे. आजी मुकटा नेसून देवाला नैवेद्य दाखवायची, म्हणून रेशीम म्हणजे सोवळं, रेशीम म्हणजे लग्न, रेशीम म्हणजे पेटीतला वास, एवढं मला ठाऊक होतं. रेशीम म्हणजे मुळात काय, हे कधी मनात आलं नाही. आपल्या फार जवळच्या गोष्टींचं असंच होतं.

ते कळलं गेल्या दिवाळीत. माझी भाची बॉस्टनजवळ शिकते, पदार्थविज्ञान आणि जीवशास्त्र यांच्या मधल्या कुठल्याशा विषयात. ती आली तेव्हा फराळाचे डबे आवरून झाल्यावर म्हणाली, "मावशी, हात धुऊन, अगदी कोरडे करून ये. तुला एक दाखवायचंय." तिने वहीतून बटरपेपरची एक घडी काढली. त्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी एक चकती होती, काचेसारखी स्वच्छ. कडा दिसत होत्या म्हणूनच ती आहे हे कळत होतं. तिने ती माझ्या तळहातावर ठेवली. वजन नाहीच. आणि पाहता पाहता तळव्याच्या उबेने, ओलाव्याने ती चकती एका कोपऱ्यातून अलगद वळायला लागली, उन्हात पडलेल्या पानासारखी.

"हे काय आहे?"

"रेशीम."

मी तिच्याकडे पाहत राहिले. मग तिने दिवा बंद केला, लाल लेझरचा छोटा दिवा त्या चकतीतून समोरच्या भिंतीवर धरला. भिंतीवर एक ठिपका पडायला हवा होता. पडले ओळीने अनेक, मधला ठळक आणि दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर मंद होत गेलेले. दारातल्या रांगोळीचे ठिपके नुकतेच काढून माझी बोटं भरून आली होती, आणि हे ठिपके कुणी बोटाने काढले नव्हते. त्या चकतीच्या पाठीवर डोळ्याला न दिसणाऱ्या रेघा आहेत, भाची म्हणाली, मिलिमीटरला शेकड्यांनी. रेघा कोरलेल्या साच्यावर रेशमाचं पाणी ओतायचं आणि रात्रभर वाळू द्यायचं. सकाळी रेशीम त्या रेघा जशाच्या तशा उचलून घेतं. मी ती चकती खिडकीशी तिरपी धरली, तर तिच्यातून निळा, हिरवा, तांबूस असे रंग सरकत गेले. ना ताणा, ना बाणा, ना रंगाचं पातेलं. तरी धूपछाव.

रेशमाचं पाणी! हा शब्द मला रात्री झोपू देईना. दुसऱ्या दिवशी तिला बसवून सगळं विचारलं, आणि तिने ते मला स्वयंपाकाची कृती सांगावी तसं सांगितलं. कोष कात्रीने कापायचे, आतला किडा काढून टाकायचा. टरफलं सोड्याच्या पाण्यात अर्धा तास उकळायची, म्हणजे धाग्याभोवतीचा डिंक, त्याला सेरिसिन म्हणतात, तो सुटतो आणि मागे राहतं पिंजलेल्या कापसासारखं पांढरंशुभ्र फायब्रॉइन. ते वाळवायचं. मग लिथियम ब्रोमाइडच्या दाट द्रावणात, साठ अंशांच्या उबेत, चार तास ठेवायचं. हळूहळू धागा दिसेनासा होतो आणि भांड्यात मधाच्या रंगाचं, मधासारखंच जड काहीतरी उरतं. ते एका पातळ नळीत भरून, नळीची तोंडं बांधून शुद्ध पाण्यात सोडायचं. दोन दिवस पुन्हा पुन्हा पाणी बदलायचं. खार पडद्यातून बाहेर जातो, प्रथिन आत राहतं. शेवटी हाताशी येतं ते किंचित पिवळसर पाणी. वाटीत घेतलं तर कुणाला वाटेल, तांदळाच्या पेजेवरची निवळ आहे.

मला त्या कृतीत एक गोष्ट फार लागली. किड्याच्या पोटात रेशीम असंच असतं, पाण्यातलं. तुतीचा पाला खाऊन, चार वेळा कात टाकून, महिनाभरात हजारो पटींनी वाढलेला तो किडा आपल्या दोन ग्रंथींमध्ये हे दाट पाणी साठवून ठेवतो. मग चंद्रिकेवर, कोष विणायच्या चौकटीवर, चढतो, धाग्याचं टोक कुठेतरी चिकटवतो आणि मान मागे घेतो. तो धागा बाहेर ढकलत नाही, ओढतो. आणि ओढता ओढता पाण्याचा धागा होतो. इंग्रजी आठच्या आकड्यात मान फिरवत दोन-तीन दिवस तो स्वतःभोवती हे करत राहतो. एका कोषात हजार मीटरच्या आसपास सलग धागा. त्याचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर कोपरे झिजलेल्या त्रिकोणासारखा दिसतो, म्हणून त्यावर पडलेला उजेड लोलकावर पडावा तसा वाकतो, परततो. पैठणीची झळाळी ती हीच. आणि आता माणूस काय करतो, तर ते सगळं विणकाम मागे नेतो. कोष उलगडतो, धागा विरघळवतो, रेशमाला त्याच्या बालपणाच्या पाण्यापर्यंत पोचवतो आणि मग हळूच म्हणतो, आता दुसरं काहीतरी हो.

किडा मात्र मरतो. ते इथेही टळत नाही, येवल्यातही टळलेलं नव्हतं. आजीला मी हे कधी विचारलं नाही. सोवळ्यातल्या त्या मुकट्यामागे उकळत्या पाण्यातले किती जीव होते, हा प्रश्न तिच्या मनात कधी आला असेल का, ते आता कळायला मार्ग नाही. मला तो आता प्रत्येक वेळी येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं.

धागा उजेडाला परतवतो आणि चकती त्याला आरपार जाऊ देते, दोन्ही एकाच मालाची असून! मी भाचीला हे पुन्हा विचारलं. ती म्हणाली, माल एकच, बसण्याची रीत वेगळी. फायब्रॉइनच्या लांबलचक साखळीत लहान लहान दुवे असतात आणि त्यांचा एक ठेका सारखा फिरून येतो: ग्लायसीन, अलानीन, ग्लायसीन, अलानीन, ग्लायसीन, सेरीन. सहा मात्रा. मला दादरा आठवला. हे दुवे इतके छोटे, की शेजारशेजारच्या साखळ्या एकमेकींना अगदी बिलगून, पत्र्यावर पत्रा बसावा तशा बसतात, आणि रेशमाचं बळ तिथून येतं. चकती सावकाश, सारखी वाळली, आत कुठे गुठळी झाली नाही, तर उजेडाला अडखळायला जागाच मिळत नाही. अशी नुसती वाळवलेली चकती पाण्यात टाकली तर विरघळून जाते. तीच आधी पाण्याच्या वाफेत ठेवली तर साखळ्या आणखी जवळ येऊन बसतात आणि मग पाण्यात ती टिकते. किती जवळ येऊ द्यायच्या, हे माणसाच्या हातात. म्हणजे किती दिवस टिकायचं तेही.

आणि मग तिने मला डोळ्याची गोष्ट सांगितली. या सगळ्याला सुरुवात डोळ्यापासून झाली आहे. बॉस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठात डेव्हिड कापलान हे वर्षानुवर्षं रेशमावर काम करत होते, आणि त्यांना रेशमाचं पारपटल बनवायचं होतं, ज्याला आपण कॉर्निया म्हणतो ते. आतल्या पेशींना हवा-पोषण पोचावं म्हणून त्या पटलाला अतिसूक्ष्म छिद्रं हवी होती. त्याच विद्यापीठात लेझरवर काम करणारे फिओरेंझो ओमेनेत्तो होते. छिद्रं पाडायला ते पटल त्यांच्याकडे आलं, आणि त्या उजेडाच्या माणसाने पाहिलं की हे तर भिंगासारखं स्वच्छ आहे. मग त्यांनी त्याची भिंगं केली, जाळ्या केल्या, उजेड वाहून नेणाऱ्या वाटा केल्या. रेशमाचं पाणी एकदा तयार झालं, की पुढे तापवायचं काही नाही, विषारी काही नाही, सगळं पाण्यात आणि खोलीच्या उबेत. म्हणून त्या रेशमात सजीवातली नाजूक द्रव्यंही मिसळता येतात. २००८ साली त्यांनी असंच रेशमात हिमोग्लोबिन मिसळून पाहिलं, तर त्या वाळलेल्या पटलात ते आपलं काम विसरलेलं नव्हतं. प्राणवायू धरत होतं आणि सोडत होतं. भिंगही तेच, आणि श्वास ओळखणारंही तेच.

डोळ्याची गोष्ट निघाली आणि मी आजीपाशी गेले.

शेवटच्या वर्षांत तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. "सगळं सायीतून दिसतं गं," असं म्हणायची. आता वाचते तेव्हा कळतं, तिने किती नेमकं म्हटलं होतं. आपल्या डोळ्यातलं भिंग हे प्रथिनांचंच. त्याच्या वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा प्रथिन, क्रिस्टलिन नावाचं. भिंगाच्या गाभ्यातलं तर आईच्या पोटात असतानाच तयार झालेलं, पुन्हा न बदलणारं. त्वचा बदलते, रक्त बदलतं, पण जन्माआधी जमलेल्या त्या थेंबातूनच आपण मरेपर्यंत जग पाहतो. ती प्रथिनं दाटीने पण शिस्तीत बसलेली असतात म्हणून उजेड पार होतो. आणि त्यांच्यातलीच काही बाकीच्यांची गुठळी होऊ नये म्हणून सांभाळत असतात. वय होतं, सांभाळणारी थकतात, गुठळ्या होतात. अंड्याच्या बलकाभोवतीचा स्वच्छ द्रव तव्यावर पडला की पांढरा होतो ना, तसंच काहीसं, फक्त सत्तर वर्षं लावून. आणि डोळ्याचा पांढरा भाग व समोरचं स्वच्छ पारपटल, दोन्ही कोलॅजेनचेच. एकात धागे वेडेवाकडे, एकात अगदी सारख्या अंतरावर. तेवढ्यावरून एक पांढरं आणि एक खिडकी.

शस्त्रक्रिया झाली, डोळ्यावरची पट्टी निघाली, आणि दसऱ्यानंतर नेहमीप्रमाणे दोरी बांधली गेली. तेव्हा मी कॉलेजात होते. साडी मी आणि ताईने मिळून घातली होती. आजी ओसरीवरून आत आली, थबकली. कितीतरी वेळ काही बोलली नाही. मग पुढे होऊन दोन बोटांत साडीची कड धरली आणि म्हणाली, "अगं, ही एवढी जांभळी होती?"

तेव्हा आम्ही हसलो होतो. पुढे कळलं, पिकलेलं भिंग पिवळं होत जातं आणि निळा-जांभळा उजेड आधी अडवतं. ते काढलं की वर्षानुवर्षं हरवलेला जांभळा एकदम परत येतो. म्हणजे आजीने त्या दिवशी आपल्या लग्नातली साडी पुन्हा पाहिली होती. जुन्या प्रथिनाने जे हळूहळू झाकलं होतं, ते तिच्यासमोर दोरीवर होतं, आणि तेही प्रथिनच होतं. हे तिला सांगायला ती आता नाही.

भाची अजून खूप सांगत राहिली. २०१० साली संशोधकांनी रेशमाच्या पटलावर अतिशय बारीक तारांचं जाळं ठेवून ते मांजराच्या मेंदूवर टेकवलं. ओलाव्याने रेशीम विरलं आणि जाळं मेंदूच्या वळणावळणांना ओल्या पदरासारखं चिकटून बसलं. मी तिला मधेच थांबवून हे वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. २०१२ साली ओमेनेत्तो आणि त्यांचे सहकारी जॉन रॉजर्स यांनी शरीरात आपलं काम करून ठरल्या वेळी विरघळून जाणारी विजेची मंडलं दाखवली, वरचं वेष्टन रेशमाचं. त्याच वर्षी गोवर, गालगुंड आणि रुबेलाची लस रेशमात जपून पंचेचाळीस अंशांत सहा महिने ठेवली गेली, तरी तिचा बराचसा जोर टिकून राहिला. पंचेचाळीस अंश म्हटल्यावर मला चंद्रपूरचा मे महिना दिसला, आणि दुर्गम पाड्यावर बर्फाचा डबा खांद्याला लावून चाललेल्या परिचारिका. आपल्याकडेही, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या कामातून, हाडातली पोकळी भरून काढायला रेशमाचे सच्छिद्र तुकडे तयार झाले आहेत. शल्यविशारद तर रेशमाचे टाके कितीतरी पिढ्यांपासून घालत आलेत. शरीराला रेशीम फारसं परकं वाटत नाही. मला यात नवल वाटत नाही. ज्याने पदराआड डोळे मिटलेत त्याला वाटायचं नाही.

तिच्या बोलण्यातली निम्मी नावं मी विसरेन. पण तळहातावर वळत गेलेला तो स्वच्छ तुकडा विसरणार नाही. त्याच्या पलीकडून माझ्या हाताच्या रेषा दिसत होत्या.

"पणजीची पैठणी अजून आहे का गं?" ती निघायच्या आदल्या दिवशी तिने विचारलं. आहे, कपाटात वर, मलमलीत गुंडाळलेली. आजी गेल्यावर आईने मला दिली, आणि मी ती इतकी जपली की अकरा वर्षांत उघडलीच नाही. आम्ही दोघींनी ती काढली. दोरी कुठली असणार फ्लॅटमध्ये. दोन खुर्च्यांच्या पाठींवर पसरली. तोच वास. वेखंड केव्हाच संपलं होतं, तरी तोच वास. पश्चिमेच्या खिडकीतून उजेड आला, आणि तिच्या अंगातून जाऊन फरशीवर जांभळा पडला. भाची चपला काढून त्या जांभळ्यात जाऊन उभी राहिली. मी काही बोलले नाही.

मग तिने मला जवळ बोलावलं. साडीच्या मधोमध, जिथे मोठी घडी होती, तिथे एक सरळ चीर गेली होती, वीतभर. दोन्ही कडांना रेशमाची तुटकी टोकं उभी. तिने त्यावरून बोट फिरवलं नाही, नुसतं वरून पाहिलं. म्हणाली, उन्हातला तीव्र भाग रेशमाच्या साखळ्या तोडतो, धागा पिवळा आणि ठिसूळ होतो, म्हणून पणजीचं बरोबर होतं. पण हिला ऊन लागलेलं नाही. वर्षानुवर्षं एकाच जागी वाकून धागा थकला आहे, आणि पदराच्या जरीचा भार त्याच रेघेवर आला आहे. आजी दर वर्षी साडी सावलीत घालायची, संध्याकाळी उतरवायची आणि ठेवताना घडी बदलून ठेवायची. मला नेहमी वाटायचं, पैठणी बाहेर काढायची ती वास जावा म्हणून.

तुमच्या घरी आजीची, आईची रेशमी साडी असेल, तर यंदा दसरा झाला की बाहेर काढा. सावलीत घाला, घरात मूल असेल तर त्याला तिच्याआड घटकाभर उभं राहू द्या, आणि ठेवताना जुन्या घडीवर घडी घालू नका.